सूत्र आणि त्याचा ताळा

घरच्या वर्कशॉपला लागणारी सूत्रं फार नसतात. लेथचे फेरे किती ठेवायचे, टॅपने आत आटे पाडण्याआधी भोक केवढं पाडायचं, निमुळता भाग कातायचा तर टूल धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंशांवर फिरवायची, वर्तुळावर सारख्या अंतराने भोकं कशी आखायची, सळईचं वजन, लाकडाचे घनफूट, गिअरचा बाहेरचा व्यास, स्प्रिंगची ताकद. हौसेने काम करणाऱ्याचं बहुतेक एवढ्यात भागतं, आणि हे सगळं एका वहीच्या पहिल्या वीस पानांत मावतं. तरीही ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक हौशी कारागिराकडे मी हीच सूत्रं विखुरलेली पाहिली आहेत. थोडी कॅलेंडरच्या मागे, थोडी ड्रिलच्या डब्याच्या झाकणावर, थोडी फोनमधल्या फोटोंत, उरलेली भिंतीवर खडूने लिहिलेली. हवं ते वेळेवर सापडत नाही, ही पहिली अडचण. सापडलं तरी त्यावर विसंबायचं की नाही ते कळत नाही, ही दुसरी. पहिलीवर लोक बरंच बोलतात. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

माझं वर्कशॉप बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत आहे. पट्ट्यावर चालणारी जुनी लेथ, एक बेंच ड्रिल, जुन्या बाजारातून घेतलेलं डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे सारखे भाग पाडायचं साधन) आणि सुतारकामाचं बाक. मी शाळेत गणित शिकवलं, लोखंड-पितळेची ओढ नंतरची. इथे होतं ते काम घरगुतीच: कपाटाच्या मुठी, शिलाई मशीनचा झिजलेला स्क्रू, झोपाळ्याच्या कड्यांचे पितळी बुश. बडोद्यातल्या मराठी घरांत झोपाळा असतोच, आणि तो करकरायला लागला की नातेवाइकांचे फोन येतात. शिवाय सवडीप्रमाणे एक छोटं वाफेचं इंजिन चालू आहे, त्यातच माझा खरा जीव आहे.

या खोलीत दोन मापपद्धती एकत्र नांदतात. लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला चार आट्यांचा आहे, टॅपचा संच मेट्रिक. ड्रिलचे दोन संच, एक इंचाच्या अपूर्णांकांतला, एक मिलिमीटरचा. मोजमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात मेट्रिक मापं लागू व्हायला लागली, पण बाजाराच्या तोंडी जुनं माप अजून आहे. सळई ‘तीन सूत’ म्हणून मागितली जाते आणि बिलावर दहा एमएम लागते. आठ सुतांचा इंच, तेव्हा तीन सूत म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. व्यासात फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी, पण वजन वर्गाने वाढतं म्हणून किलोमागे तोच फरक दहा टक्क्यांचा होतो. नळाचं आणखी वेगळं. अर्धा इंची पाइपच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, इंचाला १४ आटे. त्यात अर्धा इंच कुठेही मोजून मिळत नाही, ते फक्त नाव आहे. अशा ठिकाणी नुसतं सूत्र लिहून ठेवणं धोक्याचं.

लेथच्या फेऱ्यांचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यांत जास्त वेळा लागतं. धातू टूलसमोरून ज्या वेगाने सरकायला हवा तो कटिंग स्पीड, त्याला कामाच्या परिघाने भागलं की मिनिटाचे फेरे. वेग मिनिटाला मीटरमध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये असेल तर हजाराला पायने (π) भागून ३१८ येतात. म्हणून ३१८ गुणिले वेग भागिले व्यास. इंग्रजी मापात वेग फुटांत आणि व्यास इंचांत. तिथे बाराला पायने भागायचं, ३.८२ येतात. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कातताना वेग मीटरमध्ये ३० धरतात, फुटांत १००. पंचवीस मिलिमीटरच्या सळईला पहिलं सूत्र ३८२ फेरे देतं, एक इंचाच्या सळईला दुसरंही ३८२ देतं. दोन्ही बरोबर. आता कोणी भिंतीवर फक्त ‘३१८ गुणिले वेग भागिले व्यास’ असं लिहिलं, आणि वेगाचा आकडा जुन्या इंग्रजी तक्त्यातून १०० उचलला, तर उत्तर येतं १२७२. तिपटीहून जास्त. टूलचं टोक निळं पडायला काही क्षण पुरतात. सूत्रात चूक नसते, तक्त्यातही नसते. दोघांच्या मध्ये एकक लिहायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून मी एकेका सूत्राचं कार्ड करते, आणि त्यावर सूत्राइतकीच जागा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींना असते. वर कामाचं नाव, गणितातलं नाव नव्हे. ‘सारख्या अंतराची भोकं’ असं लिहिते, ‘वर्तुळाची जीवा’ असं नाही, कारण बाकापाशी उभी असताना मनात भोकं असतात. मग सूत्र, प्रत्येक अक्षराचं एकक, कुठल्या धातूला किंवा कुठल्या मशीनला ते लागू आहे ते, आणि शेवटी चौकटीत एक सोडवलेलं उदाहरण. त्या चौकटीला मी ताळा म्हणते. शाळेत मुलांना गुणाकारानंतर ताळा करायला लावत असे, तोच हा. फरक एवढाच की इथे ताळा आधी करायचा. कार्ड हातात घेतलं की पहिल्यांदा चौकटीतले आकडे कॅल्क्युलेटरवर घालायचे, लिहिलेलं उत्तर आलं की मग आपले घालायचे.

हे वेळखाऊ वाटेल. माझ्या भाच्याला तसंच वाटत होतं. तो पॉलिटेक्निकला आहे, सुट्टीत येतो आणि लेथवर माझ्यापेक्षा धीटपणे उभा राहतो. “मावशी, हे सगळं मी तुला शीटमध्ये करून देतो. आकडा टाकायचा, उत्तर घ्यायचं. कार्डं कशाला?” त्याने खरंच करून दिलं, नीट रकाने पाडून, रंग देऊन. आम्ही माझ्या कार्डावरचा ताळा त्यात घालून पाहिला: शंभर मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच भोकं. दोन शेजारच्या भोकांमधलं सरळ अंतर म्हणजे व्यास गुणिले १८० भागिले भोकांची संख्या या कोनाचा साइन. छत्तीस अंशांचा साइन ०.५८७८, म्हणून अंतर ५८.७८. शीटने उणे ९९.१८ दाखवलं. स्प्रेडशीटमधला साइन कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये घेतो. छत्तीस अंशांऐवजी छत्तीस रेडियनचं उत्तर आलं होतं. उणे आलं म्हणून इथे लगेच लक्षात तरी आलं. आठ भोकं घातली की तीच शीट उणे ४८.७२ देते, पण बारा घालून पाहिली तर उत्तर अधिक येतं, नुसतं चुकीचं. तो गप्प बसला नाही, याचं मला कौतुक वाटलं. त्याने अंशांचं रेडियन करणारी पायरी घातली आणि प्रत्येक रकान्याच्या वर ताळ्याची एक ओळ कायमची टाकली. ती ओळ बरोबर उत्तर दाखवत असेल तरच खालची ओळ वाचायची. शीट मी आता वापरते. सूत्रं कागदावर ठेवा की फोनमध्ये, हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. उत्तराच्या शेजारी ताळा दिसतो का, हा खरा.

ताळ्यासाठी आकडे निवडणं हीसुद्धा एक कला आहे. उदाहरण असं हवं की त्याचं उत्तर डोळ्यांना दुसऱ्या वाटेनेही पटेल. सहा भोकांसाठी अंतर व्यासाच्या बरोबर निम्मं येतं, षटकोन कंपासने आखलेल्या कोणालाही ते माहीत असतं, म्हणून त्या कार्डावर पाचाबरोबर सहाचंही उदाहरण आहे. निमुळत्या भागाच्या कार्डावर मोठा व्यास ३०, लहान २०, लांबी ५०. व्यासांतला फरक १०, भागिले दुप्पट लांबी १००, टॅन ०.१, कोन ५ अंश ४३ मिनिटं. इथे चुकण्याची ठरलेली जागा म्हणजे पूर्ण कोन आणि निम्मा कोन. नकाशावर निमुळत्या भागाचा पूर्ण कोन लिहिलेला असतो, स्लाइड फिरवायची ती निम्म्याने. कार्डावर त्याखाली लाल रेघ आहे.

सळईच्या वजनाचं सूत्र मला विशेष आवडतं. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा एमएमची सळई, १४४ भागिले १६२, ०.८८९ किलो. बांधकामावरचा मुकादम, लोखंडाच्या दुकानातला मुनीम, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) स्टोअरकीपर, सगळ्यांना हे पाठ असतं. पण १६२ कुठून आले, असं विचारलं की बहुतेक जण थांबतात. पोलाद घनमीटरला ७८५० किलो. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे व्यासाच्या वर्गाचा पाय भागिले चार इतका भाग. या दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून मिलिमीटरचे मीटर केले की एकाला सुमारे १६२ ने भागल्यासारखी संख्या मिळते. म्हणजे पोलादाची घनता त्या १६२ च्या पोटात आहे. हे कळलं की सूत्र आपल्या हातात येतं. घनमीटरला ८५०० किलोचं पितळ घेतलं तर भाजक १५० होतो, २७०० किलोचं अॅल्युमिनियम घेतलं तर ४७२ च्या आसपास. झोपाळ्याच्या बुशसाठी पितळी सळई घेताना १६२ वापरले तर वजन आठ टक्के कमी निघतं, आणि पितळाचा भाव पाहता आठ टक्के म्हणजे थोडे नव्हेत. पाठ असलेला आकडा उपयोगी असतोच, पण तो कशापासून बनला हे कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असेल तर एका कार्डाची चार कार्डं होतात.

कार्डं लिहिता लिहिता मला जाणवलं की सगळी सूत्रं एका जातीची नसतात, आणि त्यांना एकाच रंगात ठेवणं बरोबर नाही. भूमितीतून आलेल्यांना मी निळ्या शाईची पट्टी देते. साइन, टॅन, षटकोन, यांना धातूशी, मशीनशी, शतकाशी काही देणंघेणं नसतं. अनुभवातून आलेल्यांना लाल शाईची. कटिंग स्पीड लाल: ३० मीटर हा कोणी सिद्ध केलेला आकडा नाही, असंख्य टूलं झिजवून ठरलेला आहे, आणि टूल बदललं, धातू बदलला, की तो बदलतो. टॅपच्या भोकाचं सूत्रही लाल. बाहेरच्या व्यासातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा करायचा: एम ६ ला (सहा मिलिमीटरच्या मेट्रिक आट्याला) ५ मिलिमीटर, एम ८ ला ६.८ धरतात, एम १० ला ८.५. या भोकात आट्यांची सुमारे ७७ टक्के खोली मिळते. शंभर टक्के का नको, असं वाटतं. पण पूर्ण खोलीच्या आट्याने मजबुती फारशी वाढत नाही, टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र खूप वाढतो आणि टॅप आत तुटतो. स्टेनलेस स्टीलसारख्या चिवट धातूला एम ६ साठी ५.२ चं भोक पाडलं तर आटा ६२ टक्क्यांच्या आसपास राहतो आणि टॅप वाचतो. लाल कार्डावर असा बदल करायची मोकळीक आहे. निळ्यावर नाही.

तिसरी शाई हिरवी, व्यवहारातून आलेल्या सूत्रांसाठी. याचा उत्तम नमुना लाकडाच्या बाजारात मिळतो. गोल ओंडक्याचं घनफळ काढताना घेर मोजतात, त्याला चाराने भागून वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. गणिताच्या शिक्षिकेला हे पहिल्यांदा पाहून त्रास होतो, कारण ते चूक आहे. खरं घनफळ घेराच्या वर्गाला चार गुणिले पायने भागून लांबीने गुणल्यावर मिळतं, आणि बाजाराचं उत्तर त्याच्या ७८.५ टक्केच येतं. साडेएकवीस टक्के गेले कुठे? साल, कडेच्या फळ्या, करवतीचा भुसा. ओंडका चौकोनी कापल्यावर जे हाती लागेल त्याचा हा जुना, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला अंदाज आहे. तेव्हा हे सूत्र भूमितीचं समजून वापरणारा गोंधळतो, आणि कराराचं समजून वापरणाऱ्याला ते अगदी चोख काम देतं. चिरलेल्या फळीचं साधं आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. सहा फुटी, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. हा हिशेब मात्र सरळ भूमितीचा, निळा.

लाल कार्डांतली बरीचशी मी एका टर्नर काकांकडून घेतली. मकरपुऱ्यात त्यांची उमर गेली. आता निवृत्त आहेत, संध्याकाळी कधीतरी येऊन बसतात. त्यांनी आयुष्यात ३१८ ने गुणाकार केलेला नाही. पट्टा कुठल्या पुलीवर टाकायचा ते काम हातात घेऊनच सांगतात. “अवाज सांभळो, बेन,” (आवाज ऐका, ताई) म्हणतात, आणि चिपकडे, कातताना निघणाऱ्या धातूच्या सालीकडे, बोट दाखवतात. हायस्पीड टूलवर चिप पांढरी किंवा फिकट पिवळी निघाली तर ठीक, निळी व्हायला लागली की फेरे कमी करा. कार्बाइडच्या टूलवर निळीच चांगली, उष्णता चिपबरोबर निघून जाते. याला सूत्र म्हणावं का, यावर मी बराच विचार केला. शेवटी त्यालाही कार्ड दिलं, कटिंग स्पीडच्या कार्डालाच जोडून. आकडा सांगतो कुठून सुरुवात करायची, चिपचा रंग सांगतो कुठे थांबायचं. काकांसारख्यांच्या जवळचं हे ज्ञान कोणी लिहून घेत नाही, कारण ते आकड्यांत नसतं, आणि ते गेले की जातं. संदर्भाच्या डब्यात अशा वाक्यांना सूत्रांइतकाच मान हवा, असं माझं ठाम मत आहे.

सूत्र ठेवायचं की तक्ता, हाही विचार एकेका कामासाठी वेगळा करावा लागतो. टॅपचे आकार मोजके असतात, तिथे तक्ताच बरा. एम ३ ला २.५, एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२, एवढ्या ओळी पाहायला क्षण लागतो. व्यास आणि वेग मात्र कितीही असू शकतात, तिथे सूत्र हवं. डिव्हायडिंग हेडला दोन्ही लागतात. चाळिसाला भागांच्या संख्येने भागायचं: छत्तीस भागांसाठी हँडलचा एक पूर्ण फेरा आणि अठरा भोकांच्या वर्तुळावर दोन भोकं; सात भागांसाठी पाच फेरे आणि एकवीसच्या वर्तुळावर पंधरा. पण चाळीस हा आकडा त्या हेडच्या आतल्या वर्मचा (मळसूत्री गिअरचा) आहे. रोटरी टेबलमध्ये तो ६०, ७२ किंवा ९० असू शकतो. म्हणून हे कार्ड हेडलाच तारेने बांधलेलं आहे, आणि त्यावरचा ताळा आकड्यांचा नाही, हाताचा आहे: हँडल चाळीस वेळा फिरवा, चक बरोबर एकदा फिरून जागेवर आलं पाहिजे.

सूत्रांमध्ये माझं सर्वांत लाडकं कार्ड लेथच्या चेंज गिअरचं. इंचाच्या लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायचे असतील तर गिअरचं गुणोत्तर: पाच गुणिले पिच गुणिले लीड स्क्रूचे इंचामागचे आटे, भागिले १२७. पहिल्यांदा पाहणाऱ्याला १२७ कुठून टपकले असं होतं. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९ पासून आंतरराष्ट्रीय कराराने पक्कं झालेलं आहे. त्याला पाचाने गुणलं की पूर्णांक मिळतो, १२७. आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे होत नाहीत, त्यामुळे १२७ दातांचा गिअर बसवल्याशिवाय इंच आणि मिलिमीटर यांची अचूक गाठ पडत नाही. ताळा पाहा. दीड मिलिमीटर पिच, इंचाला चार आटे. पाच गुणिले दीड गुणिले चार, तीस. तीस भागिले १२७. लीड स्क्रूचा एक आटा ६.३५ मिलिमीटर, त्याला तीसने गुणून १२७ ने भागा: बरोबर १.५, एक कणही कमी-जास्त नाही. ज्यांच्याकडे एवढा मोठा गिअर बसायला जागा नाही ते ६३ दातांचा वापरतात, कारण १६०० भागिले ६३ म्हणजे २५.३९६८. शंभर मिलिमीटर लांबीत फरक मिलिमीटरच्या ऐंशीव्या भागाएवढा. नट-बोल्टला तो कळतही नाही, मोजणीच्या स्क्रूला कळतो. अनेक वर्षं वर्गात मूळ संख्या शिकवल्या, पण मूळ संख्या लोखंडात कापून मशीनवर बसवलेली मी पहिल्यांदा लेथच्या मागे पाहिली. भाच्याला हे सांगताना माझा आवाज चढतो, असं तो म्हणतो.

कार्डं तयार झाल्यावर ती लावायची कशी हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर मला आमच्याच शहरात मिळालं. बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत मी कॉलेजपासून जाते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. तीन वर्षांत त्यांनी इथे वर्गीकरणाची पद्धत आखली, माणसं शिकवली, वाचनालयांचं जाळं उभं केलं. तिथल्या लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन पाहायला लोक येतात. मला मात्र त्या चळवळीतली लाकडी पेट्यांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. पुस्तकं पेट्यांत भरून खेड्यांत पाठवली जात, तिथे वाचली गेली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. मध्यवर्ती ठिकाणी सगळ्याची नीट नोंद, आणि प्रत्यक्ष पुस्तक वाचणाऱ्याच्या गावात. मी तेच केलं. जाड वहीत सर्व सूत्रं विषयवार, क्रमांकासह, उगमासह, माडीवर. आणि कार्डं ज्याच्या त्याच्या मशीनजवळ: टॅपचं ड्रिलपाशी, चेंज गिअरचं लेथच्या दाराच्या आत, घनफुटांचं बाकाच्या वर. कार्डावर वहीतला क्रमांक असतो. कार्डावर काही दुरुस्ती केली की कोपऱ्यात फुली मारायची, आणि महिनाअखेरीस फुल्यांची कार्डं घेऊन वही सुधारायची.

घराजवळच कलाभवनची जुनी घुमटाची इमारत आहे, आता विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेची. १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली ती संस्था सुरू झाली तेव्हा रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवायची, त्यासाठी गुजरातीत पुस्तकं तयार करायची, असा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्या रस्त्यावरून जाताना मला नेहमी वाटतं की कार्ड कोणाला वाचता यायला हवं हा प्रश्न फार जुना आणि फार खरा आहे. माझ्या खोलीत काका येतात, ते गुजराती वाचतात. भाचा घरी मराठी बोलतो, पण शिकला इंग्रजीत. मी टिपा मराठीत लिहिते. तिघांनाही अडखळायला न होणारी जागा एकच, ताळ्याची चौकट. तिथे फक्त आकडे आहेत.

साधनांबद्दल थोडंच. तेलकट हात लागणार असतील तर बॉलपेनची शाई पसरते, रॉकेलने तर पुसूनच जाते. पेन्सिल टिकते. म्हणून कार्डावरचा मजकूर पेन्सिलीचा, शाईचे रंग फक्त वरच्या पट्टीला, आणि वर प्लास्टिकचं पाकीट. बिलाच्या गुळगुळीत कागदावर काहीच लिहून ठेवू नये, तो उष्णतेने काळा पडतो आणि त्यावरचं छापलेलं उन्हाने उडतं. आणि बडोद्यात राहणाऱ्याने विश्वामित्रीचा विचार करायलाच हवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी शहरात आली, किती घरांचे तळमजले पाण्यात गेले, लोकांची कागदपत्रं, पुस्तकं गेली. मूळ वही माडीवर असण्याचं कारण तेच. तिच्या पानांचे फोटो भाच्याकडेही आहेत.

कार्डांच्या डब्यात एक कप्पा ‘ऐकीव’ असा आहे. वाचलेलं, कोणी सांगितलेलं, पण अजून न तपासलेलं सूत्र तिथे थांबतं. ताळा स्वतःच्या हाताने झाल्याशिवाय त्याला मशीनजवळ जागा नाही. सध्या तिथे स्प्रिंगचं कार्ड आहे, वाफेच्या इंजिनाच्या सेफ्टी व्हॉल्व्हसाठी. तारेचा व्यास चौथ्या घातात, गुणिले पोलादाचा कातरण मापांक (पिळाला धातू किती विरोध करतो त्याचं माप), भागिले आठ, गुंडाळीच्या व्यासाचा घन आणि वेढे या तिघांचा गुणाकार. दोन मिलिमीटरची तार, मधला व्यास वीस, काम करणारे वेढे दहा, मापांक मिलिमीटर वर्गाला ७९,००० न्यूटन धरला, तर मिलिमीटरला १.९७५ न्यूटन. एक किलो टांगला की स्प्रिंग पाच मिलिमीटर ताणली जायला हवी. चौथा घात असल्यामुळे तारेच्या जाडीत जराही ढिलाई चालत नाही. तार ०.०५ मिलिमीटरने बारीक निघाली तर ताकद दहा टक्क्यांनी घटते. बाजारात ‘चौदा नंबर’ म्हणून मिळते ती २.०३२ मिलिमीटरची, तिची स्प्रिंग साडेसहा टक्क्यांनी कडक होईल. व्हॉल्व्ह किती दाबावर उघडणार ते या टक्क्यांवर ठरतं, आणि वाफेच्या बाबतीत अंदाज चालत नाहीत.

मी आणलेल्या तारेवर मायक्रोमीटर लावला, २.०३ दाखवतो. मापांक मात्र दुकानदाराला माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून रविवारी स्प्रिंग गुंडाळायची, वरचं टोक बाकाच्या शिकंजात धरायचं, खाली एक, दोन, तीन किलोची वजनं लावून व्हर्निअरने ताण मोजायचा, आणि त्यावरून मापांक उलट काढायचा. काका वजनं आणणार आहेत. आकडे तिन्ही वजनांना जुळले तर कार्डाला लाल पट्टी आणि वहीत क्रमांक. नाही जुळले तर ते ऐकीवच्या कप्प्यातच राहील, आणि व्हॉल्व्हही.